टुर्निकेट: आवळण्याची वेळ आणि रीत

साठ-सत्तर किलो वजनाच्या प्रौढ माणसाच्या अंगात साडेचार ते पाच लिटर रक्त असते. त्यातले पंधरा टक्क्यांपर्यंत गेले तर शरीर ते निभावून नेते. रक्तदान शिबिरात ३५० मिलिलिटर रक्त देणारा माणूस चहा-बिस्किटे घेऊन थोड्याच वेळात कामाला लागतो, तो यामुळेच. तीस टक्क्यांच्या पुढे मात्र शरीराची जुळवाजुळव कोलमडू लागते. नाडी मिनिटाला १२० च्या वर जाते, रक्तदाब घसरतो, हातपाय गार पडतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो. वैद्यकाच्या भाषेत याला शॉक म्हणतात. चाळीस टक्क्यांहून अधिक रक्त गेल्यावर तातडीच्या उपचाराविना वाचणे जवळपास अशक्य असते. जांघेतून मांडीत उतरणारी मुख्य धमनी फाटली, तर धडधाकट माणूस काही मिनिटांत या टोकाला पोहोचतो. रुग्णवाहिका कितीही तत्पर असली तरी तेवढ्या वेळात ती येणे अवघडच. हातापायाच्या मोठ्या रक्तस्रावाचा निकाल म्हणूनच बहुतेक वेळा रुग्णालयाच्या दाराबाहेर, जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हातून लागतो.

कापलेल्या धमनीचे वागणे थोडे चमत्कारिक असते. धमनी आरपार तुटली तर तिच्या भिंतीतले स्नायू आकसतात, टोके मांसात ओढली जातात आणि तोंड बारीक होते. हात किंवा पाय संपूर्ण तुटलेल्या माणसाचे रक्त सुरुवातीला कधी कधी अपेक्षेपेक्षा कमी वाहताना दिसते, ते या आकसण्यामुळे. याउलट धमनीला नुसती चीर गेली असेल, तर न तुटलेला भाग त्या चिरेला ताणून उघडे धरतो आणि रक्त थांबत नाही. दिसायला लहान जखम जास्त घातक ठरण्याचे हे एक कारण. आकसलेल्या धमनीवरही भरवसा ठेवता येत नाही. जखमीला हलवताना धक्का बसला किंवा शिरेतून सलाइन देऊन रक्तदाब वाढवला, की तीच धमनी पुन्हा उसळते.

वाहून गेलेले रक्त नंतर भरून काढता येईल, हा हिशेबही अपुरा आहे. रक्तासोबत ते गोठवणारे घटक जातात, ऊब जाते, आणि प्राणवायू न मिळालेल्या पेशींमुळे उरलेले रक्त आम्लधर्मी होते. थंड आणि आम्लधर्मी रक्त नीट गोठत नाही. न गोठल्याने ते आणखी वाहते. या फेऱ्यात सापडलेल्या जखमीला बाटल्यांमागून बाटल्या रक्त चढवूनही वाचवणे कठीण जाते. सुरुवातीलाच अडवलेल्या रक्ताची बरोबरी नंतर चढवलेले रक्त करू शकत नाही.

रक्त अडवण्याचा सर्वांत सोपा आणि बहुतेक जखमांना पुरेसा उपाय म्हणजे जखमेवर थेट दाब. स्वच्छ कापडाची घडी, त्यावर तळहाताचा टाचेकडचा भाग आणि त्यावर अंगाचा भार. जखम खोल असेल तर पट्टीचे कापड बोटाने तळापर्यंत ठासून भरायचे आणि मग दाबायचे. मोठ्या धमनीच्या स्रावाला मात्र हा दाब अखंड, हात न हलवता द्यावा लागतो. धावत्या जीपमध्ये, अंधारात, किंवा एका माणसाला दोन जखमी सांभाळायचे असताना ते जमत नाही. अशा वेळी टुर्निकेट कामाला येते: जखमेच्या वर, म्हणजे हृदयाच्या बाजूला, हाताला किंवा पायाला वेढून इतका आवळलेला पट्टा की खालच्या भागाचा रक्तपुरवठाच बंद व्हावा.

‘इतका आवळलेला’ म्हणजे किती, यावर सगळे अवलंबून आहे. धमनीतल्या रक्ताचा दाब पाऱ्याच्या मापात १२० मिलिमीटरच्या आसपास. नीलांमधला त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा. पट्टा अर्धवट आवळला तर आधी बंद होतात त्या नीला. धमनी रक्त आत ढकलत राहते, परतीची वाट मात्र बंद होते, आणि साठलेले रक्त जखमेतून आधीपेक्षा जोराने बाहेर पडते. सैल टुर्निकेट हे टुर्निकेट नसण्यापेक्षा वाईट. धमनीभोवती मांडीत चांगले जाड मांस असते, त्यामुळे बाहेरचा दाब तिथवर पोहोचेपर्यंत बराचसा विरतो. पट्टा जितका रुंद, तितका दाब खोलवर जातो आणि कमी आवळून काम भागते. सुतळी, तार किंवा नायलॉनची दोरी कातडीत रुतते, त्याखालचे मज्जातंतू चिरडते, आणि खोलवरची धमनी वाहायची ती वाहतेच.

हे साधन मुळात रणांगणावरचे. १६७४ मध्ये बझाँसोंच्या वेढ्यात एत्येन मोरेल या फ्रेंच लष्करी शल्यविशारदाने जखमी सैनिकाच्या अवयवाभोवती दोरी गुंडाळून तिच्यात काठी अडकवून पिळले. १७१८ मध्ये पॅरिसच्या झाँ-लुई पेती यांनी काठीच्या जागी स्क्रू बसवला. पकडून ठेवायला दुसऱ्या माणसाची गरज संपली आणि दाब हवा तसा कमी-जास्त करता येऊ लागला. पुढे शस्त्रक्रियागृहात जर्मन शल्यविशारद एस्मार्ख यांचा रबरी पट्टा (१८७३) आणि अमेरिकेतील हार्वी कुशिंग यांचा हवेने फुगणारा पट्टा (१९०४) आला. आज गुडघ्याच्या, मनगटाच्या शस्त्रक्रियांत हातपाय तासभर, कधी दोन तास असे बांधून ठेवणे ही रोजचीच गोष्ट आहे आणि त्यात कुणाला धोका वाटत नाही.

रणांगणावर मात्र त्याची अब्रू गेली. अमेरिकन यादवी युद्धात, ६ एप्रिल १८६२ रोजी शायलोच्या लढाईत, दक्षिणेच्या फौजेचा सेनापती अल्बर्ट सिडनी जॉन्स्टन याला गुडघ्याच्या मागे गोळी लागली. तिथली धमनी फाटली. उंच बुटात रक्त साठत गेले, बाहेर फारसे दिसले नाही, आणि तो घोड्यावरून हुकूम देत राहिला. आपल्या शल्यविशारदाला त्याने थोड्याच वेळापूर्वी इतर जखमींकडे, त्यांत शत्रूचेही होते, पाठवले होते. तो खोगीरातून कोसळला तेव्हा भोवतीच्या अधिकाऱ्यांना जखम सापडेपर्यंत उशीर झाला. त्याच्या खिशात टुर्निकेट होते. साधन जवळ असून ते कधी वापरायचे हे ठाऊक नसेल, तर त्याचा उपयोग शून्य, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारे दुसरे उदाहरण इतिहासात क्वचितच सापडेल.

पहिल्या महायुद्धात उलटी तक्रार सुरू झाली. खंदकातल्या सैनिकांनी किरकोळ जखमांवरही पट्टे आवळले, आणि जखमी मागे रुग्णालयात पोहोचायला दहा-बारा तास लागले. तोवर पाय काळानिळा पडलेला. शल्यविशारदांपुढे रोज असे कापावे लागणारे पाय येत, तेव्हा दोष पट्ट्याला दिला गेला. पट्टा न बांधल्यामुळे वाटेतच मेलेला सैनिक त्यांच्या टेबलावर येतच नसे, त्यामुळे त्याची गणती कुणी केली नाही. पुढची कित्येक दशके ‘अगदी शेवटचा उपाय’ असा शेरा टुर्निकेटला चिकटला आणि नागरी प्रथमोपचाराच्या पुस्तकांत तोच उतरला. व्हिएतनाम युद्धातल्या मृत्यूंचा नंतर अभ्यास झाला तेव्हा अंदाज निघाला की, सुमारे अडीच हजार अमेरिकन सैनिक केवळ हातापायाच्या रक्तस्रावाने मेले होते, ज्यांना दुसरी मोठी इजाच नव्हती.

विचार बदलला तो १९९६ मध्ये. फ्रँक बटलर या अमेरिकी नौदलाच्या डॉक्टरने सहकाऱ्यांसह रणांगणावरच्या उपचारांची नवी पद्धत मांडली आणि तीत टुर्निकेट शेवटून उचलून सुरुवातीला आणले: गोळीबार चालू असताना करण्याजोगा उपचार जवळपास हा एकच. इराक आणि अफगाणिस्तानात प्रत्येक सैनिकाला तयार पट्टा दिला गेला, आणि मग पुरावाही हाती आला. २००६ मध्ये बगदादच्या लष्करी रुग्णालयात जॉन क्राग यांनी टुर्निकेट लावलेल्या २३२ जखमींच्या नोंदी ठेवल्या. शॉक येण्याआधी पट्टा बसलेल्यांपैकी ९० टक्के वाचले. शॉक आल्यानंतर बसलेल्यांपैकी फक्त १० टक्के. निव्वळ पट्ट्यामुळे कापावा लागलेला हात किंवा पाय एकही नव्हता. काहींना मज्जातंतूचा तात्पुरता लुळेपणा आला, तेवढेच. टुर्निकेटविषयीच्या दीडशे वर्षांच्या वादाचे उत्तर या दोन आकड्यांत आहे: शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेले साधन वापरले जाते तेव्हा त्याची वेळ टळून गेलेली असते.

नागरी जीवनात हा धडा उशिराच पोहोचला. १५ एप्रिल २०१३ रोजी बॉस्टन मॅरेथॉनच्या शेवटच्या रेषेजवळ दोन बॉम्ब फुटले, तेव्हा घटनास्थळी लावलेल्या २७ टुर्निकेटांपैकी एकही तयार साधन नव्हते. सगळे रबरी नळ्या, कापडाच्या पट्ट्या अशा जागच्या जागी जुळवलेल्या वस्तूंचे होते, आणि त्यांतले बरेचसे धमनी बंद करण्याइतके घट्ट बसले नव्हते. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेतल्याच एका शाळेत झालेल्या गोळीबारानंतर शल्यविशारद, पोलीस आणि अग्निशमन दलाची मंडळी एकत्र बसू लागली होतीच. त्यातून २०१५ मध्ये सामान्य माणसाला रक्तस्राव थांबवायला शिकवणारी देशव्यापी मोहीम उभी राहिली. २०१८ मध्ये टेक्सासमधल्या अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या अभ्यासात, हातापायाच्या रक्तवाहिन्यांना इजा झालेल्या सुमारे हजार नागरिकांमध्ये, टुर्निकेटशिवाय आणलेल्यांच्या मृत्यूची शक्यता सुमारे सहापट आढळली.

आता प्रत्यक्ष वापर. रक्त उसळत किंवा धार लागून वाहत असेल, कपडे भिजून जमिनीवर थारोळे साचत असेल, दाबूनही थांबत नसेल, अवयव पूर्ण किंवा अर्धवट तुटला असेल, किंवा रक्त जात असताना जखमी गोंधळल्यासारखा, गुंगीत बोलू लागला असेल, तर टुर्निकेट लावायचे. जखम दिसत असेल तर तिच्या चार-पाच बोटे वर. गुडघा किंवा कोपर मध्ये येत असेल तर सांध्याच्या वर सरकायचे, कारण सांध्यावर पट्टा घट्ट बसत नाही. जखम कुठे आहे हेच कळत नसेल, तर वेळ न घालवता मांडी किंवा दंडाच्या जितके वर जाता येईल तितके वर. कपड्यांवरून लावले तरी चालते. मात्र पँटच्या खिशात मोबाइल किंवा पाकीट असेल तर ते आधी काढायचे. पोटरीत आणि मनगट-कोपराच्या मध्ये दोन हाडे असल्याने तिथे टुर्निकेट चालत नाही असे पूर्वी शिकवत. प्रत्यक्षात तिथेही ते चालते.

तयार टुर्निकेटमध्ये सुमारे चार सेंटिमीटर रुंदीचा पट्टा, एक छोटी दांडी आणि ती अडकवायची खाच असते. अननुभवी हाताची चूक जवळपास नेहमी एकाच ठिकाणी होते: पट्टा सैल ओढला जातो आणि मग दांडीच्या पिळांवर भिस्त ठेवली जाते. दांडीने ढिलाई खेचून काढता काढता पीळ संपतो आणि धमनी वाहतच राहते. पट्टा आधीच इतका ओढायला हवा की त्याखाली बोटांची टोके शिरू नयेत. मग दांडीचे तीन-एक अर्धे फेरे बहुधा पुरतात. रक्त थांबेपर्यंत आणि खाली मनगटाची किंवा पावलाची नाडी लागेनाशी होईपर्यंत पिळायचे, मग दांडी खाचेत अडकवायची. भक्कम मांडीला एक पट्टा पुरला नाही, तर त्याच्या वरच्या बाजूला लगत दुसरा. लावल्याची वेळ पट्ट्यावर किंवा जखमीच्या कपाळावर लिहायची, आणि वर चादर टाकून पट्टा झाकायचा नाही.

नीट बसलेले टुर्निकेट भयंकर दुखते. शुद्धीवर असलेला जखमी ओरडतो, पट्टा सोडा म्हणून विनवतो, आणि मदत करणाऱ्याचा हात नेमका तिथे ढिला पडतो. हे दुखणे पट्टा चुकल्याची खूण नव्हे. अवयवाला मधूनमधून रक्त मिळावे म्हणून दर वीस मिनिटांनी पट्टा सैल करा, हा जुन्या पुस्तकांतला सल्ला तर अनेकांच्या जिवावर बेतला असेल. दर वेळी सैल करताना नुकती धरलेली गुठळी सुटते आणि थोडेथोडे करून माणूस रिकामा होतो. एकदा आवळलेला पट्टा वाटेत सैल करायचा नाही.

तयार पट्टा जवळ नसेल तर ओढणी, पंचा किंवा धोतराची पाच-सहा सेंटिमीटर रुंद घडी करावी. ती अवयवाभोवती दोनदा गुंडाळून अर्धी गाठ मारायची, गाठीवर गॅरेजमधला पाना किंवा एखादा भक्कम दांडका ठेवून वर पुरी गाठ, मग पिळायचे आणि दांडक्याचे टोक दुसऱ्या कापडाने बांधून टाकायचे. दांडक्याशिवाय, नुसत्या हाताने ओढून बांधलेले कापड मांडीची धमनी बंद करू शकत नाही. ते हमखास त्या अर्धवट, नीलाच बंद करणाऱ्या जातीचे होते. पेन-पेन्सिल तुटते. कमरेचा पट्टा चित्रपटांत फार उपयोगी पडतो, पण चामडे जाड असल्याने पिळत नाही. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या नकली टुर्निकेटांची दांडी ऐन वेळी वाकते, असेही आढळले आहे.

भारतात या साधनाची गरज रणांगणापेक्षा रस्त्यावर आणि शेतात जास्त आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. कडबाकुट्टीत किंवा मळणी यंत्रात सापडलेला हात, रेल्वेखाली आलेला पाय, ऊसतोडीत निसटलेला कोयता, या सगळ्या टुर्निकेट लागू पडणाऱ्या जखमा आहेत. कडबाकुट्टीच्या रुळांत हात अडकलेला असेल, तर यंत्र बंद करून, तो सोडवण्याच्या खटपटीआधीच दंडावर पट्टा आवळणे शहाणपणाचे, कारण दाबून धरलेल्या रक्तवाहिन्या हात सुटल्याबरोबर मोकळ्या होतात. मदत करणाऱ्याला पोलीस-कोर्टाचे झेंगट मागे लागेल ही भीती आपल्याकडे मोठी. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये घातलेल्या कलम १३४ अ ने अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्याला दिवाणी आणि फौजदारी जबाबदारीतून संरक्षण दिले आहे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर फोन करायचा तो पट्टा आवळता आवळता, दुसऱ्या कुणाकडून. आवळणे फोन संपेपर्यंत थांबवायचे नाही.

टुर्निकेट कुठे लावायचे नाही, हेही तितकेच महत्त्वाचे. संक्रांतीच्या दिवसांत मांज्याने गळा कापल्याच्या बातम्या येतात. तिथे, आणि जांघेत किंवा काखेत, पट्टा आवळायला जागाच नाही. अशा जखमांत कापड ठासून भरणे आणि दाबून धरणे हाच मार्ग. दुसरी जागा सापाच्या दंशाची. दंशाच्या चार अंगुळे वर बंध बांधावा असे सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात आहे, आणि खेडोपाडी आजही दोरी बांधूनच रुग्ण येतो. आधुनिक वैद्यकाने हा बंध स्पष्ट नाकारला आहे. घोणस आणि फुरसे यांचे विष मांस कुजवते. बंधामुळे ते एका जागी कोंडते आणि बोट किंवा पाय गमावण्याची वेळ येते. शिवाय बंध एकदम सोडला की साठलेले विष झटक्यात अंगात पसरते. विष थांबवायला टुर्निकेट बांधू नये.

किती वेळ ठेवता येते, हा प्रश्न शेवटी येतोच. दोन तासांपर्यंत स्नायू आणि मज्जातंतूंना कायमची इजा सहसा होत नाही. त्यापुढे धोका चढत जातो, आणि सहा तासांनंतर अवयव वाचण्याची आशा फारशी उरत नाही. शहरातून तासाभरात रुग्णालय गाठणाऱ्या जखमीच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही. युक्रेनच्या युद्धात मात्र तो पुन्हा ऐरणीवर आला आहे. ड्रोनच्या भीतीने जखमींना तासन्‌तास हलवता येत नाही, आणि गरज नसताना लावलेले पट्टेही तसेच राहून पाय गेल्याचे तिथल्या डॉक्टरांनी नोंदवले आहे. त्यामुळे तिथे आता उलटी कसरतही शिकवतात: जखमी शॉकमध्ये नसेल, अवयव तुटलेला नसेल आणि जखमेवर नजर ठेवता येत असेल, तर दोन तासांच्या आत जखम ठासून भरून, वर दाबपट्टी बांधून टुर्निकेट हळूहळू सैल करायचे, आणि रक्त आले तर लगेच पुन्हा आवळायचे. हे प्रशिक्षित माणसाचे काम. सहा तास उलटलेला पट्टा तर रुग्णालयाबाहेर कुणीच सोडू नये.

त्यामागचे कारण बांधलेल्या अवयवात साचते. प्राणवायूविना मरणाऱ्या स्नायूंतून पोटॅशियम, आम्ल आणि मायोग्लोबिन हे प्रथिन बाहेर पडते. पट्टा सुटताच हे सगळे एकदम रक्तात मिसळले, तर पोटॅशियममुळे हृदयाचे ठोके बिघडतात आणि मायोग्लोबिनमुळे मूत्रपिंडे तुंबतात. रुग्णालयात म्हणूनच टुर्निकेट घाईने काढले जात नाही. आधी शिरेत मोठ्या सुया घालून रक्ताची तयारी होते. इजेला तीन तासांहून कमी वेळ झाला असेल तर गुठळी टिकवून धरणारे ट्रॅनेक्सामिक अॅसिड दिले जाते. मग शस्त्रक्रियागृहात, धमनी चिमट्यात पकडण्याच्या तयारीनिशी, पट्टा सोडतात. धमनी शिवता येत असेल तर शिवतात, नसेल तर पायातलीच एखादी नीला काढून तिचा तुकडा मध्ये जोडतात. अवयवाला रक्त पुन्हा मिळाल्यावर तो सुजतो, आणि सूज स्नायूंच्या घट्ट आवरणात कोंडू नये म्हणून ते आवरण लांब छेद देऊन मोकळे करावे लागते. त्या वेळी शल्यविशारदाला सर्वांत आधी हवी असते ती पट्ट्यावर किंवा कपाळावर लिहिलेली वेळ.